परसातल्या सूर्यफुलाचा दाणा पोचट का राहतो?



परसात हौसेनं सूर्यफूल लावावं, फूल ताटलीएवढं व्हावं आणि झोडपायला बसावं तर मधला दाणा पोचट! बियाण्याला लगेच दोष देऊ नका. आधी कारण समजून घ्या.

सूर्यफूल म्हणजे एक फूल नव्हे, शेकडो बारीक फुलांचं तबक आहे. ती कडेकडून मध्याकडे आठ-दहा दिवस उमलत जातात. प्रत्येक फुलात पराग आधी बाहेर पडतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून दुसऱ्या झाडाचा पराग यावा लागतो आणि तो मधमाशी आणते. एकटंदुकटं झाड लावलं, तर दाणा कसा भरणार?

अलिबागकडच्या पावसात हे पीक घेऊ नका. पाणी साचून मुळं कुजतात, परागही धुऊन जातो. भातकापणी झाली की नोव्हेंबरात पेरा. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याआधी दाणा भरून निघतो.

नारळी-पोफळीच्या सावलीत लावू नका. पूर्वेची बाजू मोकळी ठेवा. उमललेलं फूल पूर्वेकडेच तोंड करून राहतं. असं फूल सकाळी लवकर तापतं आणि त्यावर मधमाश्या जास्त येतात, हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं.

वाफ्यात कुजलेलं शेणखत मिसळा. ओळींत ४५ ते ६० सेंटिमीटर व रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. बी दीड-दोन इंच खोल टोका. निदान वीस-पंचवीस झाडं एकत्र असू द्या. वाऱ्यानं लोळू नयेत म्हणून बुंध्याला मातीची भर लावा. कळी धरताना, फुलताना आणि दाणा भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नका.

फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका; मधमाशी मेली की दाणा गेलाच. माश्या कमी दिसल्या, तर हाताला मऊ फडकं गुंडाळून सकाळी ७ ते ११ च्या दरम्यान एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हलकेच फिरवा. एक दिवसाआड असं चार-पाच वेळा करा.

दाणा भरू लागला की पोपट येतात. फुलांवर मच्छरदाणीचं जुनं कापड बांधा. फुलाची मागची बाजू पिवळी पडली की कापून, उन्हात वाळवून काठीनं झोडपा.

पुढच्या सालासाठी बी ठेवायचं असेल तर सुधारित वाणाचंच ठेवा. संकरित वाणाचं बी घरी धरू नये, पुढचं पीक एकसारखं येत नाही.

बघा तर करून. रामराम!