सूक्ष्मदर्शकाची तिसरी मिती

होलोग्राफिक फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक पेशीतील चमकत्या बिंदूंची जागा लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही मितींत नोंदवतो. साध्या फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकात नमुन्याला खास रंगद्रव्य लावतात. त्यावर ठरावीक रंगाचा प्रकाश पडला की ते वेगळ्या रंगात चमकते. मात्र एका वेळी एकच थर स्पष्ट दिसतो. जाड नमुन्यात थरामागून थर टिपेपर्यंत जिवंत पेशी हलते आणि रंगाची चमकही ओसरते.

होलोग्राफीची, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उमटणाऱ्या नक्षीत खोलीची माहिती नोंदवण्याची, कल्पना डेनिस गॅबर यांची; तिच्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नेहमीच्या होलोग्राफीला लेसरसारखा सुसंगत प्रकाश लागतो, तर रंगद्रव्याचा प्रत्येक रेणू आपापला प्रकाशतो. जोसेफ रोझेन आणि गॅरी ब्रुकर यांनी २००७ मध्ये मांडलेल्या ‘फिंच’ पद्धतीने या अडचणीतून वाट काढली. तीत प्रत्येक बिंदूचा प्रकाश दोन लहरींत विभागून पुन्हा एकत्र आणतात. उगम एकच असल्याने त्यांचे व्यतिकरण होते आणि कॅमेऱ्यावर वर्तुळाकार कडी उमटतात. बिंदूची खोली या कड्यांवरून कळते. सहसा तीन छायाचित्रे घेतात. त्यांतून संगणक हवा तो थर उभा करतो. भिंग हलवावे लागत नाही.

जिवंत पेशीतील हालचाल, चेतापेशींची गुंतागुंत आणि सूक्ष्म कणांचा माग ही या तंत्राची मुख्य क्षेत्रे आहेत. मर्यादाही आहेत: इतर थरांचा प्रकाश चित्रात मिसळतो आणि मंद चमकणाऱ्या नमुन्यात प्रतिमा खरखरीत येते.

ग्रामीण आरोग्य तपासणीतले चित्र मात्र वेगळे आहे. भंडारा जिल्ह्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या बपेऱ्यासारख्या गावांत, सूक्ष्मदर्शकाशी संबंध येतो तो क्षयरोग आणि हत्तीरोगाच्या तपासणीत. थुंकीच्या काचपट्टीवर ऑरामाइन हे चमकणारे रंगद्रव्य लावल्यास क्षयाचे जंतू काळ्या पार्श्वभूमीवर चमकतात. कमी वर्धनातही ते दिसत असल्याने पट्टी लवकर तपासून होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये यासाठी एलईडी फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाची शिफारस केली. हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी त्वचेजवळच्या रक्तात रात्री जास्त आढळतात, म्हणून नमुना रात्री घेतात. त्याची रंगवलेली पट्टी साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही वाचता येते.

या दोन्ही पट्ट्यांवरचा नमुना पातळ आणि वाळलेला असतो. त्यात खोलीची माहिती जवळपास नसतेच. म्हणून ग्रामीण तपासणीला आज होलोग्राफीची गरज नाही. तिची खरी जागा जाड, जिवंत नमुने अभ्यासणाऱ्या संशोधन प्रयोगशाळेत आहे.