आधी पाणी, मग धूप : घर-अंगणातील डासांचा विचार

श्रावण सरतो, भाद्रपद-आश्विनात ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो आणि आपल्या चिकित्सालयांत ज्वराच्या रुग्णांची गर्दी वाढू लागते. सांधे धरलेला, डोळ्यांमागे ठणका लागलेला रुग्ण समोर बसतो. औषधाची पुडी घेऊन उठताना घरची मंडळी हमखास म्हणतात, ‘‘डॉक्टरसाहेब, घरात डास फार झालेत, एखादा चांगला धूप द्या ना.’’ औषधी भांडाराच्या गल्ल्यावरही हीच मागणी असते. आपण धूप देतो, गिऱ्हाईक समाधानाने जाते. परंतु एवढ्याने आपले कर्तव्य पूर्ण होते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शास्त्राची दृष्टी

डास हा विषय आपल्या आचार्यांना अपरिचित नव्हता. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात मशकांचे पाच प्रकार सांगितले आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना दूषित देशाच्या लक्षणांत मशक-मक्षिकांच्या बाहुल्याचा निर्देश आहे. डास वाढणे हे केवळ एका घराचे दुखणे नसून त्या भूमीच्या बिघाडाचे लक्षण आहे, असा याचा आशय घेता येतो. डासाच्या शरीरात हिवतापाचा जंतू वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे दिसले आणि या विषयाला नवे परिमाण लाभले. निदानपरिवर्जन ही आपली पहिली चिकित्सा. डासांच्या बाबतीत ‘निदान’ म्हणजे साचलेले पाणी होय.

एक जिल्हा, दोन प्रकारचे पाणी

२०२४ मध्ये अहमदनगरचे नाव अहिल्यानगर झाले. पाण्याची विषमता मात्र पूर्वीचीच आहे. उत्तरेकडे प्रवरा व मुळेच्या कालव्यांचे ओलिताचे क्षेत्र, तर पाथर्डी, पारनेर, कर्जत, जामखेड या भागांत टंचाईच्या वर्षी टँकरची वाट पाहणारी गावे. जेथे पाणी मुबलक तेथे डास, असे सर्वसाधारण मत असते. ते अर्धेच खरे आहे. हिवताप पसरविणारा ॲनोफिलिस पाझराच्या, डबक्यांच्या, संथ पाण्यात वाढतो. क्युलेक्सला सांडपाण्याची गटारे मानवतात. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडिस मात्र घरातील स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात अंडी घालतो. पाणी रोज येत नाही म्हणून गृहिणी रांजण, पिंप, हौद भरून ठेवते. झाकण नसेल तर तेथेच एडिसची पैदास होते. २००६ मध्ये महाराष्ट्राने चिकुनगुन्याची मोठी साथ अनुभवली. तेव्हा अंगदुखीने वाकलेले रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.

धुपाची मर्यादा

धूपन हे आपल्या शास्त्राचे वैभव आहे. काश्यपसंहितेत त्यासाठी स्वतंत्र कल्प आहे. कडुनिंबाची पाने, गुग्गुळ, वेखंड यांच्या धुराने डास काही काळ दूर जातात, हा लोकांचा अनुभव आहे. पण धूर पाण्यातील अळीपर्यंत पोहोचत नाही. शिवाय आपण धूप घालतो सायंकाळी, मच्छरदाणी लावतो रात्री. एडिस चावतो प्रामुख्याने दिवसा, सकाळी व मावळतीपूर्वी. म्हणूनच दुपारी पाळण्यात निजणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी. कोंदट खोलीतील दाट धूर तान्ह्या बाळांना व दमेकऱ्यांना त्रासदायक ठरतो, ही सूचना धुपाच्या पाकिटासोबत अवश्य द्यावी. गावात होणारी धूरफवारणीही उडणारे डासच मारते. अळ्या राहिल्या तर थोड्याच दिवसांत नवी पिढी बाहेर पडते.

आठवड्याचे पथ्य

उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. यावरच ‘कोरडा दिवस’ आधारलेला आहे. आठवड्यातून एक वार ठरवून सर्व भांडी रिकामी करावीत. नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या आतील कडेला चिकटतात व कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून आतील बाजू घासून, उन्हात वाळवूनच भांडे पुन्हा भरावे. टंचाईच्या गावात पाणी ओतून द्या, असे सांगणे निर्दयपणाचे होईल. तेथे ते पाणी दुहेरी फडक्याने गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे, फडके उन्हात टाकावे, भांडे घासावे व तोंडाला कापड घट्ट बांधावे. रिकामा न करता येणारा मोठा हौद असेल तर गप्पी मासे सोडावेत. छपरावरचे टायर, करवंट्या, कुंडीखालची ताटली, कूलर, फ्रीजमागचा ट्रे तपासावा. शौचालयाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधावी.

सांडपाण्यासाठी शोषखड्डा उत्तम. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) या गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे संपविली आणि डासांचा उपद्रव आटोक्यात आणला. आपल्या जिल्ह्यातील हिवरे बाजारनेही पाणी व स्वच्छता यांचा विचार गावाने एकत्रितपणे केला तर काय साधते, हे दाखविले आहे. मात्र शोषखड्डा गटारीचा डास थांबवितो, रांजणातला नव्हे, हे विसरू नये.

आपली जबाबदारी

साथीच्या दिवसांत ज्वर उतरताना पोटात तीव्र वेदना, वारंवार वांती, हिरड्यांतून रक्त किंवा सुस्ती दिसली, तर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून वेळ दवडू नये. इतर ज्वररुग्णांना मात्र औषधासोबत एक प्रश्न विचारावा : ‘‘घरचा रांजण शेवटचा कधी घासला?’’ हा प्रश्न पथ्यापथ्याइतकाच महत्त्वाचा आहे. औषधी भांडाराच्या मालकांनी कोरड्या दिवसाची सूचना छापून प्रत्येक पिशवीत घातली, तर खर्च अल्प आणि पुण्य मोठे. धूप अवश्य विकावा, पण त्यापूर्वी पाण्याचा विषय काढावा. डास संपविण्याचे काम पाण्यापाशीच होते. धूप त्याच्या सोबतीला शोभतो, त्याच्या जागी नव्हे.