रेषा कोणाची?

२९ जून २०२४ च्या रात्री पलासियातील आमच्या घरी तीन पिढ्या दूरचित्रवाणीपुढे बसल्या होत्या. ब्रिजटाउन येथे टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक चालू होते आणि दक्षिण आफ्रिकेस सहा चेंडूंत १६ धावा हव्या होत्या. हार्दिक पंड्याचा पहिलाच चेंडू डेव्हिड मिलरने उंच टोलविला. सूर्यकुमार यादवने धावत येऊन तो दोरीलगत झेलला, तोल जातो असे पाहून आत उडविला, स्वतः सीमेबाहेर जाऊन परतला व पुन्हा झेलला. टीव्ही पंच रिचर्ड केटलबरो यांनी मिलरला बाद ठरविले. भारत ७ धावांनी जिंकला. बाहेर फटाके सुरू झाले, आणि नेमके त्याच वेळी आमच्या नातवाने विचारले, "आजोबा, दोरी मागे सरकली होती का हो?"

प्रश्न गैरसोयीचा होता, पण खोटा नव्हता. दोरीच्या आतल्या बाजूस गवतावर एक फिकट पट्टा चित्रात दिसत होता, आणि त्यावरून पुढे पुष्कळ वाद झाला. क्रिकेटचा नियम याबाबत स्पष्ट आहे. सीमेची खूण काही कारणाने हलली, तर सीमा मूळ जागीच आहे असे मानावयाचे. मात्र तो पट्टा आधीच्या एखाद्या सामन्याच्या आखणीचा असून त्या दिवशी दोरी मुळातच मागे मांडलेली असेल, तर पट्ट्यास काही किंमत नाही. सूर्यकुमारचा बूट दोरीस लागलेला आम्हांस तरी दिसला नाही. तरीही निकाल फार झटपट लागला, आणखी एखाद्या बाजूने चित्र दाखविले असते तर बरे झाले असते, असे आम्हांस वाटते. जिंकणाऱ्यानेही एवढे म्हणावयास हरकत नसावी.

आमच्या लहानपणी गल्लीत सीमा म्हणजे चपलांची रांग असे. चप्पल सरकली की सीमा सरके, आणि पंच बहुधा फलंदाजाचाच थोरला भाऊ असे. 'मूळ जागा' हा नियम तेव्हा ठाऊक असता तर कित्येक भांडणे टळली असती.

खरा प्रश्न रेषा कोणाच्या पदरात टाकावयाची हा आहे, आणि प्रत्येक खेळाने तो आपापल्या परीने सोडविला आहे. क्रिकेटमध्ये चेंडू हाती असता क्षेत्ररक्षकाचा पाय दोरीस लागला, की लाभ फलंदाजाचा. धावबादच्या वेळी मात्र उलट, बॅट नुसती रेषेवर टेकून भागत नाही, ती रेषेच्या आत टेकावी लागते. आपल्याकडील फुटबॉलमध्ये संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडल्याशिवाय गोल नाही. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी तिकडचा फुटबॉल पाहिला असेल. तेथे गोलरेषेच्या टोकांस नारिंगी रंगाचे मऊ खांब उभे असतात. चेंडू घट्ट धरलेला खेळाडू हवेत झेपावून मैदानाबाहेर पडत असला, तरी जमिनीस टेकण्यापूर्वी हातातील चेंडू त्या खांबास लागला तर गुण मिळतात. शरीर कोठे पडले यापेक्षा त्या क्षणी चेंडू कोठे होता, हे तेथील पंच पाहतात. खेळाडूचा पाय आधी बाहेर टेकला की चेंडू आधी खांबास लागला, हे निमिषार्धात ठरवावयाचे! त्या पंचांची कीव येते.

क्रिकेटमध्ये यंत्राचे साहाय्य आले ते १९९२ साली, आणि त्याचा पहिला बळी आपला सचिन तेंडुलकर. १४ नोव्हेंबर रोजी डरबन कसोटीत जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर तो धाव घेताना अडकला. मैदानावरील पंच सिरिल मिचली यांनी निर्णय तिसरे पंच कार्ल लीबेनबर्ग यांच्याकडे सोपविला आणि चित्र पाहून सचिनला बाद देण्यात आले. (बरोबर २५ वर्षांपूर्वी त्याच तारखेस कर्नल सी. के. नायडूंनी इंदुरात देह ठेवला होता. इंदूरकरांस ती तारीख अशी दुहेरी लक्षात राहते.) त्याच मालिकेत जोहान्सबर्गला मात्र ऱ्होड्स स्वतः धावबाद असताना पंच स्टीव्ह बकनर यांनी चित्र मागविलेच नाही. ऱ्होड्सने पुढे ९१ धावा केल्या. यंत्र हाताशी असून भागत नाही, आपणांस शंका आहे हे पंचाने आधी मान्य करावे लागते.

हे आम्ही इंदुरात बसून लिहितो याला आणखी एक कारण आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय पंचांच्या सर्वोच्च श्रेणीत गेलेले नितीन मेनन इंदूरचेच. त्यांचे वडील नरेंद्र मेननही आंतरराष्ट्रीय पंच होते. व्यंकटराघवन व एस. रवी यांच्यानंतर हा मान मिळविणारे नितीन हे तिसरेच भारतीय. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्याच्या गोष्टी येथील मराठी घराघरांत सांगतात. पंचांच्या गोष्टी सहसा कोणी सांगत नाही.

आमच्या नातवाचे अजून समाधान झालेले नाही. तो झेल दूरचित्रवाणीवर पुन्हा लागला, की तो पडद्याजवळ जाऊन त्या फिकट पट्ट्यावर बोट ठेवतो आणि आमच्याकडे पाहतो. आम्ही चष्मा पुसतो.