सुगंधी बॉडी बटर घेताय? कोरड्या त्वचेला फायदा कशाने होतो आणि त्रास कशाने, ते आधी समजून घ्या

थंडी पडली की दोन गोष्टी हमखास दिसतात. हातावर नखाने ओढलं की उमटणारी पांढरी रेघ आणि मोबाईलवर बॉडी बटरच्या जाहिराती. छोटी गोंडस डबी, आत फेटलेल्या लोण्यासारखा मऊ गोळा, गुलाबाचा किंवा लॅव्हेंडरचा वास आणि झाकणावर ‘१०० टक्के नैसर्गिक’. पण त्या डबीतलं नेमकं काय तुमच्या त्वचेच्या कामाचं असतं?

बॉडी बटर आणि लोशनमध्ये फरक काय?

लोशनमध्ये सगळ्यात जास्त असतं पाणी. ते तेलात मिसळून राहावं म्हणून वेगळे घटक घालावे लागतात आणि पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्हही लागतं. बॉडी बटरमध्ये बहुतेक वेळा पाणी नसतंच. बियांमधून काढलेली घट्ट चरबी, थोडं पातळ तेल आणि वास, एवढंच. म्हणून ते दाट असतं आणि थोडंसंच पुरतं.

शिया बटर पश्चिम आफ्रिकेतल्या शियाच्या झाडाच्या बियांपासून निघतं, कोको बटर चॉकलेटच्याच बियांपासून. आंब्याच्या कोयीचंही बटर असतं. आणि एक बटर तर आपल्या घरचंच आहे.

कोकणातलं मुठेल

आमसुलं करताना कोकमाच्या बिया उरतात. त्या वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळला की तेल वर तरंगतं. ते काढून थंड केलं की घट्ट होतं आणि त्याचे गोळे वळून ठेवतात. हेच मुठेल, गोव्यात याला भिरंडेल म्हणतात. भेगाळलेल्या टाचांना ते लावायची पद्धत जुनी आहे. आज महागड्या डब्यांवर ‘कोकम बटर’ असं लिहिलेलं दिसतं, ते मुळात हेच.

याची खासियत म्हणजे कडकपणा. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास पातळ होतं, कोको बटर ३४ ते ३८ अंशांना, तर कोकम बटर वितळायला ४० अंशांच्या आसपास तापमान लागतं. म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यातही ते बऱ्यापैकी टिकतं. नुसतं लावायला मात्र जड जातं, त्यामुळे बॉडी बटरमध्ये ते शिया किंवा एखाद्या तेलात मिसळतात.

मग कोरडेपणा जातो कसा?

त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. कोरडी हवा, कडकडीत पाण्याने आंघोळ आणि खरखरून लावलेला साबण यांनी ते सिमेंट कमी होतं. फटी पडतात आणि आतलं पाणी उडून जातं.

बटर या फटींवर थर देतं आणि पाणी उडणं कमी करतं. पण बटर स्वतः पाणी देत नाही. ते झाकण आहे. भांड्यात पाणीच नसेल तर झाकण ठेवून काय होणार? म्हणून दुपारी कोरड्या ठाक हातावर बटर चोळलं की हात तेलकट होतो, पण ओढ पूर्ण जात नाही.

योग्य वेळ आंघोळीनंतरची. टॉवेलने अंग हलकेच टिपा आणि त्वचा किंचित ओली असतानाच, दोन-तीन मिनिटांत, पातळ थर लावा. त्वचा फारच कोरडी असेल तर आधी ग्लिसरीन किंवा युरिया असलेलं लोशन लावा आणि त्यावर बटर. आंघोळीचं पाणी कोमट ठेवलंत तर निम्मं काम तिथेच होतं.

वासाचं काय?

सुगंधामुळे त्वचा जराही मऊ होत नाही. उलट ॲलर्जी होण्याची शक्यता डबीतल्या इतर घटकांपेक्षा वासातून जास्त असते.

‘पण वास तर नैसर्गिक आहे ना?’ बिब्बाही नैसर्गिकच आहे, आणि तो अंगावर उतला की काय होतं ते आजीला विचारा. लॅव्हेंडरच्या तेलात लिनालूल असतं, संत्र्या-लिंबाच्या सालीच्या तेलात लिमोनीन. हवा लागून हे घटक जुने झाले की काहींच्या त्वचेला खाज आणि पुरळ आणू शकतात. युरोपीय संघात अशा २६ सुगंधी घटकांची नावं, ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील तर, लेबलवर छापावी लागत होती. २०२३ मध्ये ही यादी ८० च्या पुढे नेली गेली. त्यात फुलापानांतून येणारे घटकही आहेत.

लिंबू किंवा बर्गमॉटचं काढलेलं तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात. आणखी एक गोष्ट : ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूत वास दाबण्यासाठी दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. तुम्हाला ‘फ्रॅग्रन्स फ्री’ हवं.

घेताना आणि लावताना

- घटकांची यादी वाचा. सुरुवातीलाच बटरची आणि तेलांची नावं हवीत.
- कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहा. खाज, लाली आली तर थांबा.
- चेहऱ्यावर पिंपल्स येत असतील तर तिथे लावू नका, विशेषतः कोको बटर आणि खोबरेल तेल असलेलं.
- ओली बोटं डबीत घालू नका. पाणी गेलं की बुरशी धरू शकते.
- तळपायांना लावल्यावर मोजे घाला. फरशीवर पाय घसरतो.
- तान्ह्या बाळांना आणि एक्झिमा असणाऱ्यांना सुगंधी बटर नको.

भेगांमधून रक्त येत असेल, खाजेने झोप मोडत असेल किंवा मधुमेह असून पायाला चिरा पडल्या असतील, तर डबी बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

बाकी साध्या कोरडेपणाला बिनवासाचं साधं बटर पुरतं, अगदी कोकणातून आणलेला मुठेलाचा गोळासुद्धा. सुगंध हवाच असेल तर तो कपड्यांवर लावा.