चार डिस्कवर वाटलेली फाइल

डिस्क स्ट्रायपिंगची कल्पना सोपी आहे. डेटाचे सारख्या मापाचे पट्टे पाडायचे आणि ते चार डिस्कवर पाळीपाळीने लिहायचे, म्हणजे चारही डिस्क एकदम कामाला लागतात. फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९९८ साली ३.० आवृत्तीबरोबर हेच काम करणारा ग्रेग लेही यांचा व्हिनम ड्रायव्हर आला. त्याचा आदर्श होता व्हेरिटासचा व्हॉल्यूम मॅनेजर. या कंपनीचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक इंजिनिअरांना हे काम परके नाही. व्हेरिटासचा कोड मात्र कंपनीच्या आतच राहिला. व्हिनमचा कोणीही उघडून वाचू शकत होता.

ड्रायव्हरचे गणित शाळकरी आहे. पट्टा ५१२ सेक्टरांचा, डिस्क चार, हवा आहे ५०००वा सेक्टर. ५००० भागिले ५१२: भागाकार ९, बाकी ३९२. नऊला चाराने भागले की भागाकार २, बाकी १. मोजणी शून्यापासून, म्हणून डिस्क दुसरी आणि तिच्यावरची जागा २ × ५१२ + ३९२ = १४१६.

खरी कसोटी पुढे आहे. मागणी दोन पट्ट्यांच्या सीमेवर पडली तर तिचे तुकडे करून ते वेगवेगळ्या डिस्ककडे धाडावे लागतात. सगळे परत आल्याशिवाय मूळ मागणी पुरी झाली असे सांगता येत नाही, आणि एक जरी फसला तरी चूक वर कळवावीच लागते. एक डिस्क गेली की सगळाच डेटा गेला, कारण इथे दुसरी प्रत नसते.

लेहींनी दाखवलेली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. फाइल सिस्टिम आपल्या हिशेबाच्या नोंदी, म्हणजे सुपरब्लॉक आणि आयनोड, ठरावीक अंतराने ठेवते. ते अंतर ३२ एमबी आणि पट्टा २५६ केबी धरला, तर मध्ये १२८ पट्टे येतात. १२८ला चाराने पूर्ण भाग जातो, म्हणजे दर वेळी तीच डिस्क! अंगारकीला टिटवाळ्याच्या महागणपतीसमोर चार रांगा लावाव्यात आणि सगळी गर्दी एकाच रांगेत शिरावी, तसे हे होते. म्हणून पट्ट्याचे माप दोनाच्या घातात नसावे, असा त्यांचा सल्ला. कोडमध्ये दोष नसतानाही यंत्र मंदावते, ते असे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला वरच्या थराची सवय ठाऊक हवी, हे मला इथे पटले.

पुढे फ्रीबीएसडीतच, पॉल-हेनिंग कॅम्प यांच्या जिऑम या डिस्क हाताळणाऱ्या रचनेवर पावेल दाविदेक यांनी स्ट्रायपिंगसाठी जीस्ट्राइप लिहिला. तो व्हिनमपेक्षा बराच आटोपशीर आहे. टिटवाळ्याहून लोकलने कॉलेज गाठणाऱ्या विद्यार्थ्याने जीस्ट्राइपपासूनच सुरुवात करावी. चार डिस्क विकत घ्यायची गरज नाही: जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी टाकून एमडीकॉन्फिगने चार फाइलींच्या डिस्क बनवाव्यात, त्यांवर जीस्ट्राइप चढवावा, पट्ट्याचे माप बदलत जावे आणि जीस्टॅटमध्ये कोणत्या डिस्कवर किती भार पडतो ते पाहावे.