विमानविद्या, भाग ६ : चार्टवरची उंची कुठून मोजलेली?

मागच्या भागात अप्रोच चार्टची मांडणी पाहिली. आता प्रत्यक्ष एक विमानतळ घेऊ : छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा. सांकेतिक अक्षरं 'व्हीएएयू', धावपट्टी पूर्व-पश्चिम, नावं ०९ आणि २७.

शिकाऊ वैमानिक चार्ट हातात येताच तळाच्या मिनिमाकडे वळतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी विमानतळाची उंची बघा. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे, मुंबई विमानतळ जेमतेम चाळीस. टॉवरने सांगितलेला क्यूएनएच लावला की अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. म्हणजे मुंबईत चाकं टेकताना काटा शून्याजवळ असतो, चिकलठाण्यात १,९०० वर.

म्हणूनच मिनिमाच्या चौकटीत दोन आकडे असतात : एक समुद्रसपाटीपासूनचा, दुसरा कंसात, धावपट्टीपासूनचा. कॅटेगरी-१ च्या आयएलएस अप्रोचला निर्णयाची उंची धावपट्टीच्या वर २०० फुटांपेक्षा कमी ठेवत नाहीत. इतक्या उंचीवरच्या विमानतळावर अल्टिमीटरवर ती २,१०० च्या आसपास किंवा त्याहून वर वाचायची. तिथे दिवे किंवा धावपट्टी दिसली नाही, तर गो-अराउंड. 'अजून पन्नास फूट बघू' याला जागा नाही.

आता क्यूएनएचची किंमत बघा. समजा पावसाळी दिवस आहे, क्यूएनएच १००३ मिळालाय, पण वरच्या उड्डाणात लावलेला १०१३ तसाच राहिला. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट धरा. दहाचे झाले २८०. अल्टिमीटर २,१०० दाखवतोय आणि विमान खरं १,८२० वर, म्हणजे धावपट्टीच्याही खालच्या पातळीत! ढगातून खाली येणाऱ्या वैमानिकाला हा काटा काहीच सांगणार नाही. म्हणून ब्रीफिंगमध्ये दोघांनी क्यूएनएच मोठ्याने वाचून एकमेकांचा तपासायचा, प्रत्येक वेळी.

चूक पकडायचा आणखी एक मार्ग चार्टवरच आहे. उतरण्याच्या तिरक्या रेषेशेजारी अंतर आणि उंचीचा तक्ता असतो. तीन अंशांच्या उतारावर प्रत्येक सागरी मैलाला सुमारे ३१८ फूट खाली यायचं. धावपट्टीच्या टोकावरून विमान पन्नासेक फुटांवरून जातं हे धरलं, तर चिकलठाण्याला चार मैल आधी काटा ३,२०० च्या थोडा वर हवा. तक्त्यातला आकडा नि काटा जुळत नसेल, तर आधी क्यूएनएच तपासा. जुळेपर्यंत खाली यायचं नाही.

कोपऱ्यातल्या वर्तुळातल्या किमान सुरक्षित उंचीचंही तेच. पंचवीस सागरी मैल म्हणजे ४६ किलोमीटर. चिकलठाण्याभोवती एवढं वर्तुळ काढलं तर देवगिरीचा किल्ला, वेरूळचे डोंगर, म्हैसमाळ सगळं आत येतं. वर्तुळाच्या त्या-त्या भागातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर किमान हजार फूट ठेवून तो आकडा काढतात, आणि तोही समुद्रसपाटीपासूनचाच असतो.

भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीमध्ये हे चार्ट सर्वांना खुले आहेत. बदल २८ दिवसांच्या चक्राने लागू होतात, तेव्हा आधी तारीख बघा. मग चिकलठाण्याचा चार्ट उघडा आणि प्रत्येक उंचीपुढे पेन्सिलीने लिहा : समुद्रापासून की धावपट्टीपासून. पुढच्या आठवड्यात व्हीओआर अप्रोच घेऊ, तेव्हा हा कागद जवळ असू द्या.