‘वऱ्हाड’ची लांबी किती?

अमरावतीत पोरांना प्रोग्रामिंग शिकवताना पहिल्याच आठवड्यात मी त्यांना एक शब्द टाइप करायला सांगतो: वऱ्हाड. मग पायथनला त्याची लांबी विचारायची. कुणाच्या स्क्रीनवर ६ येतात, कुणाच्या ७. शब्द मात्र हुबेहूब तोच. ‘‘सर, दोन्ही तं सारखेच दिसते नं,’’ असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, आणि खरा तास तिथून सुरू होतो.

खोड आहे ती ‘ऱ्हा’मधल्या अर्ध्या र ची. युनिकोडमध्ये तो एका रीतीने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असा लिहिला जातो. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक असतो. तिसरीत र च्या खाली नुक्ता येतो. कीबोर्ड बदलला की रीत बदलते. पायथनसोबत येणारं युनिकोडचं प्रमाणीकरण नुक्त्याच्या रूपाला पहिल्या रूपात आणतं, जोडकाच्या रूपाला मात्र हात लावत नाही. म्हणजे डिक्शनरीत ‘वऱ्हाड’ ही की असूनही शोधणाऱ्याला ती सापडत नाही. उपाय तीन ओळींचा आहे: आधी प्रमाणीकरण, मग जोडकाच्या रूपाच्या जागी ‘ऱ्’, आणि जे उरेल ते परत द्यायचं. या तीन ओळी मात्र ज्याला त्याला नव्याने लिहाव्या लागतात, आणि माझी तळमळ आहे ती याचसाठी.

लिस्ट, डिक्शनरी, सेट, रांग या रचनांवर रोज करायच्या कामांसाठी अशी मदतनीस फंक्शनं जगाने कधीच साठवून ठेवली आहेत. सी भाषेत क्यूसॉर्ट आहे. १९९४ साली सी प्लस प्लसच्या प्रमाणात शिरलेल्या एसटीएलने एकच सॉर्ट कितीतरी रचनांवर चालवून दाखवला. पायथनला टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये टिमसॉर्ट दिला. मोजणीसाठी त्यात काउंटर आहे. जावास्क्रिप्टवाल्यांकडे २००९ पासून अंडरस्कोर होती, पुढे लोडॅश आली.

पण तयार माल डोळे मिटून घ्यायचा नसतो. जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमधली चूक जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीरपणे मांडली. दोन टोकांची बेरीज करून मधला क्रमांक काढताना, यादी सुमारे १०७ कोटी नोंदींपलीकडे गेली की बेरीज पूर्णांकात मावत नव्हती. जवळपास नऊ वर्षं ही चूक कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अवघ्या अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरातल्या प्रकल्पांचे बिल्ड अडले. छोटं फंक्शन आहे म्हणून त्याची जबाबदारीही छोटी, असं मला कधीच वाटलं नाही.

आता आपल्याकडचं. अमरावती जिल्ह्यात तालुके १४, त्यांत चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे. फॉर्म भरणारा नुसतं ‘चांदूर’ लिहितो. पायथनची डिक्शनरी तीच की दुसऱ्यांदा आली की पहिली नोंद मुकाट्याने पुसते. म्हणून अशा मदतनीसांच्या आमच्या फाइलमधलं फंक्शन की पुन्हा आली की थांबतं आणि तक्रार करतं. कारंजाचंही तसंच: एक वाशीम जिल्ह्यातलं, एक वर्ध्यातलं. त्यात वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा निघाला, त्यामुळे जुन्या नोंदींत कारंजा, रिसोड, मंगरूळपीर सगळे अकोल्यात. वर्ष आणि तालुका दिला की जिल्हा सांगणारं फंक्शन नसेल, तर अकोल्याचा तीस वर्षांचा तक्ता खोटा निघतो.

यादी लावण्याची गोष्ट मला सर्वांत लागते. साध्या सॉर्टमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, आणि क्षीरसागर आडनाव क च्या शेवटी, ख च्या आधी. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर, क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी. आयसीयू या लायब्ररीत मराठीचा क्रम आहे. तो मागून घ्यावा लागतो, एवढंच. हजेरीपटावर पोराचं नाव त्याच्या भाषेच्या क्रमाने यावं, ही अपेक्षा काही मोठी नाही.

एकदा कापसाच्या पावत्यांची बेरीज करताना आमच्या पोरांचा हिशेब निम्म्यावर आला. पायथन ‘४२’ ला आकडा मानतो. जावास्क्रिप्टचं नंबर ते मानत नाही. आकडा नसेल तर शून्य धर, अशी ओळ कुणीतरी घातली होती. देवनागरीत लिहिलेला शेतकऱ्याचा प्रत्येक क्विंटल शून्य झाला होता. त्या दिवसापासून आमच्या फाइलमध्ये नियम आहे: न कळलेली किंमत शून्य धरायची नाही, चूक म्हणून दाखवायची. त्याच दिवशी हंगामाचं फंक्शनही लिहिलं, कारण कापसाचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३० सप्टेंबरला संपतं. महिना दहा किंवा पुढचा असेल तर चालू साल, नाहीतर आदलं.

फाइल लहानच आहे, पण प्रत्येक फंक्शनखाली चाचणी आहे. पहिली चाचणी ‘वऱ्हाड’ची: तिन्ही रूपं दिली की एकच उत्तर आलं पाहिजे. यंदा अकोटकडच्या एका विद्यार्थिनीने त्याखाली आणखी एक ओळ जोडली. तिच्या बापाच्या वावरातलं पीक तिने मोबाइलवर टाइप केलं होतं: पऱ्हाटी. लांबी ८ आली, फंक्शनमधून गेल्यावर ७.